सेवकांचा सेवक

आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या दप्तरांत इंग्रजी अमदानींतील कांहीं सरकारी पत्रें जपून ठेविलेलीं आहेत. त्यांतील एका पत्रानें वरिष्ठ अधिकाऱ्यानें एका गरीब शिक्षकास नोकरींतून दूर केलें आहे. आणि सहीच्या वरती, त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणें, ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ असे शब्द आहेत. आज्ञा करणारा कोण आणि ती पाळणारा कोण, हें पत्र लिहिणारास व वाचणारास सारखेंच ठाऊक होतें. आपल्याकडील ‘दासानुदास’ या शब्दाचीही तीच गत झाली. संतांच्या मुखीं तो अनुभवाचा होता; पुढें तो पत्रांतील शिष्टाचाराचा झाला.

नम्रतेचा शब्द इतका स्वस्त असेल, तर नम्रता टिकते तरी कशांत? या प्रश्नाचा विचार करावयास ख्रिस्ती धर्मसंघाच्या इतिहासासारखें साधन क्वचित् सांपडेल. पुढाऱ्यानें सेवक व्हावें अशी स्पष्ट आज्ञा त्या संघाच्या संस्थापकानेंच दिली. आणि ती पाळतांना व मोडतांना संघानें जें जें केलें, त्याची नोंदही बरीचशी शिल्लक आहे.

मूळ प्रसंग सर्वश्रुत आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्रीं येशू ताटावरून उठला, अंगावरील वस्त्र त्यानें उतरून ठेविलें, कमरेस पंचा गुंडाळला आणि घंगाळांत पाणी घेऊन शिष्यांचे पाय धुतले. ही हकीकत योहानानें दिली आहे. लूकनें ती दिलेली नाहीं; पण आपल्यांत मोठा कोण, असा वाद शिष्यांमध्यें त्याच भोजनाच्या वेळीं झाला, हें मात्र त्यानें नमूद केलें आहे. दोन्ही वृत्तान्त शेजारीं ठेवून वाचले, म्हणजे त्या पंचाचा अर्थ उलगडतो. आपल्याकडे शिष्य गुरूचे पाय धुतो व तें तीर्थ म्हणून घेतो. येथें गुरूच शिष्यांपुढें वांकला. राजसूय यज्ञांत श्रीकृष्णानें उष्टीं काढलीं, ही कथा आपण मोठ्या प्रेमानें सांगतों. परंतु ती देवाची लीला म्हणून सांगतों, आपल्या गळ्यांत पडणारें कर्तव्य म्हणून नव्हे. येशूनें तर तुम्हींही एकमेकांस असेंच करा, असें बजावलें. पेत्रानें प्रथम पाय धुऊन घेण्याचें नाकारलें. त्याच्या नकारांत गुरुभक्ति होती हें खरें. पण धनी वांकला म्हणजे ज्या शिडीनें आपण उद्यां वर चढणार ती शिडीच नाहींशी होते, ही धास्तीही माणसाच्या मनांत कोठें तरी असतेच.

ही आज्ञा नित्याच्या व्यवहारांत उतरविण्याचा एक फार मोठा प्रयत्न सहाव्या शतकांत इटलींत झाला. नुर्सियाच्या बेनेडिक्टनें मोंते कासिनो येथील आपल्या मठासाठीं ७३ प्रकरणांचा एक नियमग्रंथ लिहिला. त्यांत नम्रतेवर एक दीर्घ प्रकरण आहेच. पण मला अधिक मोल वाटतें तें स्वयंपाकघराच्या प्रकरणाचें. मठांतील बंधूंनीं आठवड्याच्या पाळीनें एकमेकांस रांधून वाढावें. आजारी मनुष्य किंवा महत्त्वाच्या कामांत गुंतलेला सोडून कोणासही त्यांतून सूट नाहीं. शनिवारीं पाळी संपविणारानें साफसफाई करावी, हातपाय पुसण्याचे पंचे धुवावे, आणि नव्या पाळीच्या बंधूसह सर्वांचे पाय धुवावे. भांडीं कोठाऱ्याच्या हवालीं करावयाचीं, तीं स्वच्छ आणि धड असलीं पाहिजेत! अतिथि आला म्हणजे त्याच्या हातांवर पाणी स्वतः मठाधिपतीनें घालावें, आणि गोरगरीब व यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्यावी. मठांतील ज्येष्ठता प्रवेशाच्या क्रमानें ठरे; कुलीन मनुष्य मागाहून आला, तर अगोदर आलेल्या गुलामाच्या तो खालीं बसे. महत्त्वाच्या कामीं सर्वांस बोलावून विचारावें, कारण पुष्कळदां बरी गोष्ट ईश्वर धाकट्यासच सुचवितो, असेंही बेनेडिक्टनें लिहून ठेविलें. शेवटचा निर्णय मठाधिपतीचाच असे, हें विसरतां कामा नये. पण निर्णय देणाऱ्यास अगोदर धाकट्याचें ऐकावें लागे, आणि खरकट्याचा वास सर्वांच्याच हातांस लागे.

याच मठपरंपरेंतून पहिला ग्रेगरी पुढें आला. तो रोमच्या थोर घराण्यांतला. शहराचा मुख्य अधिकारीही तो होऊन गेला होता. पुढें सीलियन टेकडीवरील आपल्या वाड्याचा त्यानें मठ केला, आणि इ. स. ५९० मध्यें मनाविरुद्ध पोपपद पत्करलें. कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष योहान यानें ‘विश्वव्यापी’ हें बिरुद धारण केलें, तेव्हां ग्रेगरीनें त्याचा कडक निषेध केला, आणि स्वतःस तो ‘ईश्वराच्या सेवकांचा सेवक’ म्हणवूं लागला. या वादांत रोमचें श्रेष्ठत्व राखण्याचा हेतु मुळींच नव्हता, असें म्हणणें भोळेपणाचें होईल. तथापि ५९८ मध्यें अलेक्झांड्रियाच्या धर्माध्यक्षानें त्यालाच तसें बिरुद लाविलें, आणि आपण आज्ञा केल्याप्रमाणें वागत आहों असें लिहिलें, तेव्हां ग्रेगरीनें दोन्ही गोष्टींस हरकत घेतली: बिरुद नको, आणि आपण आज्ञा केली नव्हती, योग्य वाटलें तें केवळ सुचविलें होतें. त्याच्या कारकीर्दींत गोरगरिबांस धान्य वांटलें जाई व त्यांच्या नांवांची वही ठेविली जाई. रोममध्यें एक भिकारी उपासमारीनें मेल्याचें कळतांच, तो जणूं आपल्याच हातून मेला असें मानून ग्रेगरीनें कांहीं दिवस वेदीसमोर उभें राहण्याचें टाळलें, असें नवव्या शतकांतील त्याचा चरित्रकार सांगतो. अशा माणसाच्या सहीवर ‘सेवक’ हा शब्द शोभला.

बिरुद मात्र माणसाहून दीर्घायुषी असतें. पांच शतकांनीं सातव्या ग्रेगरीच्या पत्रांवरही तेंच बिरुद होतें. आणि त्याच्याच दप्तरांत, १०७५ सालच्या २७ सूत्रांमध्यें, सर्व राजांनीं चुंबन घ्यावें तें केवळ पोपच्या पायांचें, असें एक सूत्र आहे. १०७७ च्या जानेवारींत राजा चौथा हेन्री कानोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस अनवाणी उभा राहिला. धर्मपदें राजांच्या मर्जीनें वांटलीं जात होतीं. तीं सोडविण्याचा ग्रेगरीचा हेतु क्षुद्र नव्हता. पण जे पाय धुवावयाचे ते दुसऱ्यांचे, आणि ज्यांचें चुंबन घ्यावयाचें ते आपले, एवढी उलथापालथ ‘सेवक’ या शब्दाचें एक अक्षरही न बदलतां झाली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

असिसीच्या फ्रान्सिसनें हा धोका ओळखला असावा. आपल्या संघांत कोणीही ‘प्रमुख’ म्हणवून घेऊं नये, सर्वांनीं ‘धाकटे बंधु’ म्हणवावें व एकमेकांचे पाय धुवावे, असें त्यानें १२२१ च्या नियमांत घातलें. कारभार पाहणाऱ्यास त्यानें जो शब्द योजिला त्याचा अर्थ सेवक असाच होता. पण शब्दावर तो विसंबला नाहीं. १२२० मध्यें त्यानें स्वतःचा अधिकार सोडला व पीटर कातानी या आपल्या सोबत्याच्या आज्ञेंत तो राहिला. संस्थापकानें जिवंतपणीं, धडधाकट संघाचा कारभार दुसऱ्याच्या हातीं देऊन, त्यालाच विचारून वागावें, असें उदाहरण इतिहासांत विरळा.

इंग्लंडांत हाच विधि राजदरबारीं गेला. पवित्र गुरुवारीं राजे गरिबांचे पाय धूत. १५७३ मध्यें एलिझाबेथ राणीनें आपल्या वयाइतक्या, म्हणजे ३९, गरीब स्त्रियांचे पाय धुतले. परंतु तत्पूर्वीं दरबारच्या परटिणीनें व धर्माधिकाऱ्यांनीं ते पाळीपाळीनें धुऊन स्वच्छ केलेले होते! दुसऱ्या जेम्सनंतर राजांनीं हें काम सोडलें, आणि अठराव्या शतकांत तें अजीबात बंद पडलें. आतां त्या दिवशीं राजाच्या हस्तें नाणीं वांटलीं जातात. दानाध्यक्ष कमरेस पंचा बांधून तेवढा उभा असतो. पाणी गेलें, पाय गेले, पंचा राहिला. संस्थांच्या इतिहासाचें इतकें बोलकें चित्र मला दुसरें ठाऊक नाहीं.

२०१३ मध्यें पोप फ्रान्सिसनें हा विधि रोममधील अल्पवयीन बंदिवानांच्या तुरुंगांत नेला. ज्या १२ जणांचे पाय त्यानें धुतले, त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. पुष्कळांस तें रुचलें नाहीं, कारण लिखित विधींत पुरुषांचाच उल्लेख होता. २०१६ मध्यें तो नियमच बदलला व स्त्रियांस विधींत जागा मिळाली. कृति एका माणसाची असते, नियम त्याच्यामागें उरतो. म्हणून मी त्या छायाचित्रांहून या बदलास अधिक महत्त्व देतों. २०२५ च्या पवित्र गुरुवारीं हा वृद्ध मनुष्य रोमच्या तुरुंगांत गेला, तेव्हां वांकून पाय धुण्याची शक्ति त्याच्या अंगीं उरली नव्हती. तो नुसता बंदिवानांस भेटून आला, आणि चार दिवसांनीं वारला.

जुन्या दप्तरांतील तें पत्र मीं पुन्हां जागच्या जागीं ठेवून दिलें. त्यांतील ‘सेवक’ खोटें बोलत होता असें मी म्हणणार नाहीं. तो केवळ शिरस्ता पाळीत होता. नम्रता शिरस्त्याच्या स्वाधीन झाली, कीं तिचें असेंच होतें. आम्हां शिक्षकांसही खुर्ची असते, आणि सभेंत सर्वांच्या आधीं बोलण्याची संवय असते. आपण कोणाचे सेवक, हें आपल्या सहीवरून कळावयाचें नाहीं. धाकट्यास बोलूं देऊन मग आपण तोंड उघडतों काय, आणि या आठवड्याचीं भांडीं कोणाच्या पाळीस आहेत, एवढें पाहिलें म्हणजे पुरे.