हमालाच्या फंडाची गोष्ट

पडेगाव छावणीच्या पलीकडे, दौलताबादच्या रस्त्यावर आहे. सकाळी फिरावयास निघालो म्हणजे या रस्त्यावर मला कामाला जाणारी दोन तऱ्हेची माणसे दिसतात. काहीजण कारखान्याच्या बसची वाट पाहत उभे असतात. काहीजण डोक्याला फडके गुंडाळून, सायकलीला डबा अडकवून बाजाराकडे निघालेले असतात. पहिल्यांपैकी कोणालाही विचारा, "काय हो, फंड किती साठला?" तो पटकन आकडा सांगेल. दुसऱ्याला मात्र आधी निराळाच प्रश्न विचारावा लागतो : "बाबा, तुझा मालक कोण?"

तो हसतो. सकाळी एका अडत्याची पोती उतरवली, दुपारी दुसऱ्याचा ट्रक भरला, संध्याकाळी तिसऱ्याच्या गोदामात थप्पी लावली. यांतला मालक कोणता म्हणावयाचा? प्रत्येकाकडे तो तासा-दोन तासांचाच नोकर. चाळीस वर्षे पाठीवर ओझे वाहिलेला हा माणूस उद्या थकला, तर त्याच्या म्हातारपणाची जबाबदारी कोणाच्या दारात नेऊन ठेवावयाची? वाचकहो, आज मी तुम्हांला सांगणार आहे ती या एका प्रश्नाची हकीगत.

म्हातारपणी कामगाराला काही मिळावे ही कल्पना तशी फार जुनी नव्हे. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ साली वृद्धांच्या विम्याचा कायदा केला. पेन्शनचे वय ठेवले सत्तर! तेवढे जगणारे मजूर कितीसे असणार, ते सोडा. पण त्या काळापासून एक समजूत रूढ झाली : कामगार म्हणजे एका मालकाकडे रोज जाणारा माणूस. आपल्याकडचा १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा घ्या, की १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा घ्या, दोहोंच्या पोटात हीच समजूत. ग्रॅच्युइटीला तर एकाच ठिकाणी सलग पाच वर्षे नोकरी हवी होती. आमच्या हमालाची नोकरी सलग पाच तासही एका ठिकाणी नसते!

मग हा पेच सुटला कसा? त्याची वाट गोदीतून आली. ज्या १८८९ साली बिस्मार्कचा कायदा झाला, त्याच साली लंडनच्या गोदी कामगारांनी मोठा संप केला. त्यांचेही दुखणे हेच होते. फाटकाशी गर्दी करावयाची, हाक आली तर काही तास काम, नाही तर रिकामे परत. पुढे १९४७ साली इंग्लंडात गोदी कामगारांची नोंदणी करून त्यांची जबाबदारी एका मंडळाकडे देण्यात आली, आणि १९४८ साली आपल्या देशातही गोदी कामगारांसाठी तसाच कायदा झाला. मुंबई बंदरात जहाजावरचा माल उतरविणाऱ्याची सोय अशी लागली. पण तोच माल बंदराबाहेर पडून मशीद बंदरच्या गल्लीत आला, की तो डोक्यावर घेणारा माणूस पुन्हा उघड्यावरच!

हा माणूस बहुधा सातारा-पुण्याच्या डोंगरी मुलखातला. माथ्यावर ओझे घेतो म्हणून माथाडी. त्याच मुलखातले, पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील यांनी या लोकांची संघटना बांधली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. मोर्चे झाले, बाजार बंद पडले. सरकारने १९६५ साली एक समिती नेमली, तिने १९६७ साली अहवाल दिला. समितीने जे म्हटले ते ऐकण्याजोगे आहे. ही माणसे उघड्यावर काम करतात, मुकादमाच्या वा टोळीच्या मार्फत लागतात, एकाच दिवशी अनेक मालकांकडे राबतात. सबब चालू कामगार कायदे त्यांना लागू करणे व्यवहार्य नाही आणि त्या कायद्यांत दुरुस्त्या करूनही भागणार नाही. सरकारी अहवालाने इतके रोखठोक बोलावे हे क्वचितच घडते.

त्यातून १९६९ साली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती खरे तर शेतकऱ्यालाही कळेल इतकी सोपी आहे. मालक शोधत बसायचेच नाही. व्यापारी व मजूर दोघांचीही नोंदणी एका मंडळाकडे. मंडळावर दोघांचे प्रतिनिधी समसमान, शिवाय सरकारचे. व्यापाऱ्याने मजुरी हमालाच्या हातावर न ठेवता मंडळात भरावयाची, आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही द्यावयाची. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, सुटीचा पगार, औषधपाणी. दहा अडत्यांकडची दहा तुटक कामे मंडळाच्या वहीत एकाच नावापुढे जमा होतात, आणि तुटक कामांची सलग नोकरी बनते. पोते कोणाचे का असेना, ते उचलले की म्हातारपणाचा वाटा त्याच्याबरोबर निघालाच!

मुंबईपासून सुरू झालेली ही मंडळे हळूहळू इतर जिल्ह्यांत पोचली, आमच्या छत्रपती संभाजीनगरातही आली. मराठवाड्याला हे सगळे उशिरा मिळाले. आम्ही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. मोंढ्यातली हमाली, तोलाई, वाराई ही सारी रिवाजावर चालायची, आणि रिवाजात म्हातारपणाचे कलम नसते.

सगळे गोड झाले असे मात्र मी म्हणणार नाही. नोंदणी चुकविणारे व्यापारी आहेत. माथाडीचे नाव पुढे करून, ओझ्याला हातही न लावता पैसे मागणारे टोळभैरवही निघाले, आणि त्यांच्यामुळे खऱ्या हमालाचा कायदा बदनाम झाला. मला वाटते, चोर शिरला म्हणून घराचे छप्पर काढीत नाहीत. १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला, तो काही उगाच नव्हे. अगदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत, मोबाइलवरून कामे घेणाऱ्या पोरांसाठी कंपन्यांनी उलाढालीतला टक्का-दोन टक्के वाटा द्यावा असे आले, तेव्हा मला आमची लेव्हीच आठवली.

पण सर्वांत तुटक काम करणारी माणसे अजून बाहेरच आहेत, आणि ती तुमच्या-माझ्या घरात येतात. घरेलू कामगारांसाठी राज्याने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्या नोंदणीकृत बायांना दहा हजार रुपये सन्मानधन देण्याची योजनाही आली. मात्र माथाडीसारखी, प्रत्येक मजुरीमागे मालकाकडून कापून घेतलेली लेव्ही येथे नाही. चार घरची भांडी घासणारी बाई आणि चार अडत्यांची पोती वाहणारा हमाल यांत हिशेबाच्या दृष्टीने फरक तो काय? फरक इतकाच, की तेथे मालक अडत्या आहे, येथे मालक आपण आहोत.

हे भाषण लिहिताना मी वही काढून एक हिशेब मांडला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई गेली अकरा वर्षे येत आहेत. त्यांच्या पगारावर माथाडी मंडळासारखी लेव्ही लावली असती, तर आजवर माझ्याकडे त्यांचे किती निघाले असते? आकडा आला तो मी घरात वाचून दाखवला. कोणी काही बोलले नाही. बाई तेव्हा मागच्या अंगणात कढई घासत होत्या.