ऊर्जेचा धडा आणि विद्यार्थ्याची लेखणी

पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी जो हुकूम दिला, त्यात चित्रपटगृहांतून पर्यावरणविषयक संदेश दाखविण्यापासून अनेक तरतुदी होत्या. परंतु त्यांत सर्वांत दूरगामी ठरली ती पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याची. अंमलबजावणी मात्र रेंगाळली, आणि २००३ साली न्यायालयास पुन्हा बजवावे लागले, तेव्हा कोठे पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे तो अभ्यासक्रम आला. त्याचे पाठ्यपुस्तक विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्याचे शल्यविशारद आणि निसर्गाभ्यासक डॉ. एरक भरुचा यांच्याकडून लिहवून घेतले, ही आपणांस अभिमानाची गोष्ट.

आठ घटक आणि पन्नास तासिकांच्या त्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात ऊर्जा हे मुख्यतः दुसऱ्या घटकातील एक उपकलम होते. शंभरांपैकी पन्नास गुण निबंधवजा उत्तरांना आणि पंचवीस गुण क्षेत्रकार्यास ठेवलेले, म्हणजे स्वतः पाहावे आणि स्वतः लिहावे, हा हेतू उघड होता, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. परंतु क्षेत्रभेटीच्या यादीत नदी, वन, टेकडी, तळे, प्रदूषित स्थळ, पक्षी, कीटक अशीच नावे आली. वीज जेथे जन्मते त्या स्थळाचा त्यात निर्देश नव्हता.

वस्तुतः अशी स्थळे आपल्या उंबरठ्याशी आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळा-वळवणच्या जलाशयांत साठविलेले, एरवी इंद्रायणीवाटे पूर्वेस भीमेकडे गेले असते ते पाणी पश्चिमेस खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली, आणि कोळशाच्या वाफेवर चाललेल्या त्या गिरण्यांचा धूर कमी झाला. पुढे त्याच उद्देशाने मुळशीला धरण बांधू घातले, तेव्हा जमिनी बुडणाऱ्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला व सेनापती बापटांनी त्यासाठी कारावास पत्करला. धुराविना मिळालेल्या विजेचीही किंमत कोणीतरी मोजतो, हे ज्या विद्यार्थ्याने मुळशीच्या काठी उभे राहून आपल्या नोंदवहीत स्वतःच्या शब्दांत लिहिले, त्यास शाश्वत ऊर्जेची व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

प्राध्यापकहो, पहिल्या वर्षाच्या मुलांना एकदा तेथे न्या, आणि परतल्यावर त्यांच्याकडून चार पाने लिहवून घ्या.