भटकणं गुन्हा ठरलं तेव्हा

‘व्हॅगाबॉन्ड’ या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘वागारी’ हे क्रियापद आहे. अर्थ एवढाच : भटकणं. त्यात चोरी नाही, लबाडी नाही. तो डाग इंग्लंडच्या कायद्यानं लावला. १५७२च्या कायद्यात अस्वलं खेळवणारे, हातचलाखी करणारे, फेरीवाले, भांडी सांधणारे, गावोगाव नाटकं करणारे असे सगळे परवान्याशिवाय हिंडले की ‘व्हॅगाबॉन्ड’ ठरत आणि फटके खात. आपले दरवेशी, डोंबारी, कल्हईवाले यांचेच हे भाऊबंद!

हीच नजर पुढे हिंदुस्थानात आली. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं तर जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या.

कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांना चावडीवर हजेरी द्यावी लागे. यातले बहुतेक पिढ्यान्‌पिढ्या गावाला धरून राहिलेले. तरी पाव्हण्यांकडं जायचं म्हटलं की हजेरी आडवी येई. १९१८ साली राजर्षी शाहू महाराजांनी ती बंद केली. फासेपारध्यांच्या बाबतीत ते आणखी पुढे गेले. ज्यांच्या नावानं गावं दारं लावून घेत, त्यांनाच महाराजांनी पहाऱ्यावर नेमलं. महाराज स्वतः कसलेले शिकारी. माग काढणारा डोळा आणि रात्रीची जाग यांची किंमत त्यांना कळत होती. ब्रिटिश कायद्याला जिथं गुन्हेगार दिसला, तिथं त्यांना कसबी माणूस दिसला. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

इकडं सोलापुरात मात्र अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवलं जाई. त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण १९५९च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात १५७२ची ती जुनी यादी पुन्हा डोकावते. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून दान घेणं म्हणजे भीक. उदरनिर्वाहाचं साधन दिसत नसताना तिथं भीक मागत असल्यासारखं भटकणं हीसुद्धा भीकच. जोतिबाच्या डोंगरवाटेवर झोळी घेऊन गाणारा माणूसही या व्याख्येत बसू शकतो.