उतरण आणि माल : चौलच्या बंदरावरून जुन्या कपड्यांचा इतिहास

हल्ली शहरातल्या तरुणाईत 'थ्रिफ्ट' नावाचा शब्द जोरात आहे. कुणाचे तरी वापरलेले जॅकेट, जीन्स, बूट, घड्याळ, कॅमेरा स्वस्तात घ्यायचा, धुऊन-पुसून, दुरुस्त करून, चांगला फोटो काढून इन्स्टाग्रामवर जास्त भावात विकायचा. यात पैसा आहे आणि आपल्या वस्त्यांमधली मुले-मुलीही आता यात उतरत आहेत. त्यावर चळवळीतले काही जुने कार्यकर्ते नाराज आहेत. "बापजाद्यांनी उतरण नाकारली आणि तुम्ही पुन्हा दुसऱ्याचे जुने कपडे उचलता?" असा त्यांचा सवाल आहे. सवाल वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही. त्यामागे पिढ्यान् पिढ्यांचा अपमान आहे. म्हणूनच त्याचे उत्तर भावनेने न देता इतिहासाने दिले पाहिजे, असे आम्हाला वाटते. आणि हा इतिहास आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरच्या चौलपासून सुरू करतो.

अलिबाग तालुक्यातले चौल आज नारळी-पोफळीच्या वाड्यांचे शांत गाव आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वी ते पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. ग्रीक-रोमन जगाला ते 'सेमिल्ला' म्हणून माहीत होते. अरब प्रवाशांनी त्याला 'सैमूर' म्हटले. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांत 'चेमुल'च्या दात्यांची नोंद आहे. चौलच्या डोंगरातही लेणी कोरलेली आहेत. म्हणजे या बंदरातल्या व्यापाराचा काही पैसा तथागतांच्या संघाकडे वळत होता, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

या बंदराचा मोठा माल म्हणजे कापड. इ.स. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. त्याने इथल्या माणसांच्या अंगावर काय आहे ते लिहून ठेवले. सामान्य माणसे जवळजवळ उघडी. राजाच्या डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला एक. सरदारांच्या खांद्यावर एक आणि कमरेला एक. सेवकांच्या फक्त कमरेला. जे गाव जगाला कापड विकत होते, त्याच गावात अंगावर किती कापड असावे हे माणसाच्या दर्जावरून ठरत होते. परदेशी माणसाच्या नजरेच्या मर्यादा धरूनही ही नोंद बोलकी आहे.

त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने चौलचे वर्णन केले. डिसेंबर ते मार्च या महिन्यांत घाटावरून बैलांचे तांडे माल घेऊन उतरत आणि इथे मोठा बाजार भरे, असे तो सांगतो. आणि मग तो आपल्या विषयाला थेट भिडणारी एक गोष्ट लिहून जातो. इथले लोक सुती कापड काही दिवस स्वतः वापरतात, मग ते पांढरेशुभ्र धुतात, त्याला खळ देतात आणि बाहेरदेशी विकतात. त्यामुळे या मालात काही कापड फाटके निघते.

मित्रांनो, वापरलेले कपडे धुऊन, कडक करून नफ्यावर विकण्याचा धंदा याच चौलच्या बंदरात पाचशे वर्षांपूर्वी चालत होता! त्या धंद्याला कुणी उतरण म्हटले नाही. विकणाऱ्याला कुणी हीन ठरवले नाही. समुद्रापलीकडच्या गिऱ्हाईकाने ते कापड अंगावर घातले म्हणून तो बाटला नाही. तो व्यापार होता, आणि व्यापार करणारा प्रतिष्ठित होता. ज्या हातांनी ते कापड घाटावर आपटून पांढरे केले, त्या हातांचा मात्र बार्बोझाच्या नोंदीत उल्लेखही नाही.

मग तेच वापरलेले कापड आपल्या पूर्वजांच्या अंगावर येताच त्याची उतरण का झाली? कापड तेच आणि धागाही तोच असताना फरक कशात होता?

फरक मनुस्मृतीत लिहिलेला आहे. दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम सांगितले आहेत. गावाबाहेर राहावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत. त्याच अध्यायात पुढे शूद्राला काय द्यावे ते सांगितले आहे. उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्यातला निवडून टाकलेला भाग आणि घरातले जुने सामान. आणि या यादीनंतर चारच श्लोकांनी तो नियम येतो, ज्याकडे आपले लक्ष कमी जाते : शूद्राने अंगात सामर्थ्य असले तरी धनसंचय करू नये.

हे दोन नियम शेजारी ठेवून वाचा, म्हणजे सगळी योजना उघडी पडते. जुनी वस्तू तुम्हाला मिळेल; पण मालकाच्या मर्जीने मिळेल, किंमत देऊन नाही. आणि त्या वस्तूतून तुम्ही पैसा उभा करायचा नाही. ती वापरा, झिजवा आणि पुन्हा हात पसरा. उतरणीचा अर्थ कपडा जुना असण्यात नाही. ज्या व्यवहारात घेणाऱ्याला भाव ठरवता येत नाही, नाकारता येत नाही आणि पुढे विकता येत नाही, तो व्यवहार म्हणजे उतरण.

गावगाड्यातली महारकी याच योजनेचे चालते-बोलते रूप होते. रोख मजुरी नाही. बलुते, शिळ्या भाकरी, मेलेले ढोर आणि मढ्यावरचे कापड हे 'हक्क' म्हणून गळ्यात बांधलेले. ज्याला हक्क म्हटले गेले, ती प्रत्यक्षात बेडी होती. बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. म्हणूनच १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. वतनाच्या बदल्यात वस्तू आणि मेहेरबानी नको, कामाचा ठरलेला मोबदला हवा, हा त्या लढ्याचा गाभा होता.

पण याच भूमीत मेलेल्याच्या कपड्याचा दुसरा अर्थही सांगितला गेला होता, आणि तो बुद्धाने सांगितला होता. भिक्खूंचे मूळ चीवर म्हणजे पांसुकूल : उकिरड्यावर, रस्त्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करायच्या, धुवायच्या, रंगवायच्या आणि शिवायच्या. मनूने जे कापड हीनतेची शिक्षा म्हणून अंगावर लादले, तेच कापड बुद्धाच्या संघात राजपुत्रापासून न्हाव्यापर्यंत सर्वांनी सारख्याच मानाने पांघरले. विनयपिटकात आनंद आणि उदयन राजाचा प्रसंग आहे. आनंदाला पाचशे चीवरे मिळाली तेव्हा राजाने विचारले, एवढ्यांचे काय करणार? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना देऊ. मग जुन्यांचे काय? अंथरुणावर घालू. ती फाटली तर? खाली पसरायला, मग पाय पुसायला, मग धूळ झटकायला. आणि शेवटी चिंध्या चिखलात मळून जमिनीला लिंपू. आज जग 'पुनर्वापर' म्हणून जे शिकवू पाहते, ते आपल्या धम्मात आधीच आहे. त्यामुळे जुनी वस्तू मुळातच अपवित्र असते, हा विचार आपला नाही. तो मनूचा आहे.

आता महाडकडे येऊ. चौल आणि महाड दोन्ही तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदरापर्यंत गेले, कारण धरमतरच्या वाटेवर मोटारवाल्यांच्या बहिष्काराची धमकी होती. ती बोट याच चौल-रेवदंड्याच्या समुद्रावरून पुढे गेली. महाडात परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. बाजारातून सामान मिळणार नाही म्हणून धान्य बाहेरून आणावे लागले. बाजार हे जातीचे हत्यार कसे होते, हे यावरून कळते. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. प्रेतावरच्या वस्त्रांचा आणि धनसंचयबंदीचा नियम, दोन्ही त्या एकाच आगीत गेले.

महाडलाच बाबासाहेबांनी महिलांना वेगळे मार्गदर्शन केले. अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, खुणेसारखे अंगावर मिरवावे लागणारे दागिने टाका, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. महिलांनी ते लगेच अमलात आणले. इथे त्यांचा आग्रह कपडा दुकानातून कोरा आणण्याचा नव्हता. कमीपणाची खूण अंगावर नको, हा आग्रह होता. खूण पुसा, मान उंच करा.

खुद्द बाबासाहेब जुन्या वस्तूंचे गिऱ्हाईक होते, हे किती जणांना ठाऊक आहे? न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके विकत घेतली. कुणीतरी वाचून विकलेली, कडा झिजलेली पुस्तके! ती उतरण होती काय? मुळीच नाही. ती त्यांनी निवडली होती आणि स्वतःच्या पैशाने घेतली होती. परतल्यावर मुंबईत त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढीही काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे समजताच गिऱ्हाईक तुटले आणि पेढी बंद पडली. धनसंचयबंदीचा श्लोक विसाव्या शतकातही बाजारात असा राबवला जात होता.

आजचा बाजार पाहू. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात वापरलेला माल वर्षानुवर्षे विकला जातो. बोहारीण दारोदार फिरून भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेते. या बायका बहुतेक वाघरी समाजाच्या. कपडे निवडणे, धुणे, बटणे लावणे, फाटके शिवणे आणि बाजारात नेणे हे सगळे त्या करतात. दारात साडीची घासाघीस करणारी गृहिणी आपली जुनी साडी देते, पण बोहारणीकडून दुसऱ्याची साडी कधी घेत नाही. जुनी वस्तू जातीच्या उतरंडीवर वरून खाली जाते, खालून वर येत नाही, हा या देशाचा अलिखित नियम आहे.

कचऱ्यातून माल वेचणाऱ्यांची कथाही तीच. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. त्यांनी संघटित होऊन ओळखपत्रे मिळवली आणि आपले काम हे शहराला उपयोगी पडणारे श्रम आहेत, हे सिद्ध केले. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निर्माण झाली. माल तोच होता. बदलली ती भाव सांगण्याची ताकद.

आफ्रिकेतल्या घाना देशात अक्रा शहरी कांतामांतो नावाचा वापरलेल्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. तिथे परदेशातून गाठोडी येतात. त्या कपड्यांना तिथले लोक 'ओब्रोनी वावू' म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे. नाव ऐकून मनूचा श्लोक आठवतो. पण तिथले विक्रेते गाठोडे रोख पैशाने घेतात, शिवतात, रंगवतात, विकतात आणि घर चालवतात. गाठोडे उघडल्यावर निम्मा माल रद्दी निघाला तर तोटा मात्र त्यांचाच, श्रीमंत देशाचा नाही. वरच्यांचा कचरा खालच्यांच्या दारात टाकण्याची रीत जगभर चालते, एवढा धडा आपणही घ्यावा.

आता तरुणांसाठी थोडे रोखठोक. या धंद्यातला नफा कुठे असतो? जो वस्तू वजनावर घेतो आणि नगावर विकतो, नफा त्याचा. कोकणातल्या जुन्या घरातला पितळी हंडा, घंगाळ, लाकडी खांब भंगाराच्या भावाने काट्यावर चढतो आणि शहरात 'अँटिक' म्हणून एकेक नग विकला जातो. मधला फरक ज्ञानाचा आहे. वस्तू काय आहे, कुणाला हवी आहे, किती टिकेल, हे ज्याला कळते तो कमावतो. आपली माणसे पिढ्यान् पिढ्या काट्याच्या या बाजूला उभी राहिली. माल वेचला त्यांनी, भाव सांगितला दुसऱ्याने. ही जागा बदलायची आहे.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. कुणी मेहेरबानी म्हणून दिलेला कपडा नाकारा, तो कोरा असला तरी नाकारा. स्वतः निवडलेली, किंमत मोजून घेतलेली वस्तू विका, ती दहा वर्षे जुनी असली तरी ताठ मानेने विका. पण चौलच्या त्या व्यापाऱ्यांसारखे फाटके कापड खळ देऊन गिऱ्हाईकाच्या गळ्यात बांधू नका. वस्तूतला दोष सांगून विका. सम्यक आजीविका आपल्या धम्माचे अंग आहे. ज्या बोहारणीकडून, वेचक भगिनीकडून माल घ्याल, तिचा भाव पाडू नका. तिला लुबाडून उभा केलेला नफा म्हणजे मनूचीच व्यवस्था, फक्त मालक बदललेला. आणि हिशेबाची वही ठेवा. खरेदी, दुरुस्ती, वाहतूक, विक्री, शिल्लक सगळे लिहा. 'धनसंचय करू नये' या श्लोकाला आपल्या घरातले सर्वांत सोपे उत्तर ती वही आहे.

उतरण घेणारे हात आणि माल विकणारे हात यांच्यामध्ये महाडची आग आहे. ज्यांना आजही या धंद्यात लाज वाटते, त्यांनी ती आग आठवावी. आणि ज्यांना यात फक्त फॅशन दिसते, त्यांनीही.

जय भीम!