पंधरा शिलिंगांचा कारकून

१९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनच्या दुकानांत एक छोटेखानी पुस्तक आलं. तांबूस कापडी बांधणी, पानांच्या कडांना सोनेरी मुलामा, जॉन लीच या चित्रकाराची आठ चित्रं आणि त्यांतली चार हातानं रंगवलेली. किंमत पाच शिलिंग. पुस्तकातल्या बॉब क्रॅचिट या कारकुनाला आठवड्याला पंधरा शिलिंग पगार मिळतो. म्हणजे स्वतःचीच गोष्ट विकत घ्यायची, तर बिचाऱ्याला आठवड्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता! तरीही नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती खपल्या. चार्ल्स डिकन्सचं हे ‘अ ख्रिसमस कॅरल’ त्यानंतर बाजारातून कधी नाहीसं झालं नाही.

गोष्ट तीन वाक्यांत मावते. एबेनेझर स्क्रूज या कंजूष सावकाराकडे नाताळच्या आदल्या रात्री त्याच्या मेलेल्या भागीदाराचं, जेकब मार्लीचं भूत येतं. पाठोपाठ आणखी तीन भुतं येऊन त्याला त्याचा भूतकाळ, वर्तमान आणि होऊ घातलेलं मरण दाखवतात. सकाळी उठतो तो वेगळाच माणूस. पुस्तक न वाचलेल्या मराठी मुलांनाही स्क्रूजचं नाव ठाऊक झालं ते दूरदर्शनवरच्या ‘डकटेल्स’ या कार्टून मालिकेमुळे. पैशांच्या राशीत सूर मारणाऱ्या त्या बदकाला कार्ल बार्क्सनं १९४७ मध्ये जन्म दिला, तेव्हा नाव इथूनच उचललं होतं.

डिकन्सच्या मनात मात्र आधी गोष्ट नव्हतीच. १८४३ च्या सुरुवातीला बालकामगारांविषयीच्या सरकारी आयोगाचा दुसरा अहवाल आला. कारखान्यांत आणि कार्यशाळांत सात-आठ वर्षांची मुलं सर्रास कामाला जुंपली जातात, हे त्यात मुलांच्याच जबान्यांतून नोंदलेलं होतं. डिकन्स हादरला. गरिबांच्या मुलांच्या बाजूनं देशाला आवाहन करणारं एक पत्रक लिहायचं त्यानं ठरवलं, आणि काही दिवसांतच बेत बदलला. वर्षअखेरीपर्यंत थांबा, मग याहून कितीतरी जोरदार घाव घालतो, असं त्यानं आयोगावरच्या डॉ. साउथवूड स्मिथ यांना कळवलं. सप्टेंबरमध्ये तो फील्ड लेनच्या ‘रॅगेड स्कूल’मध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या मुलांसाठी चालवलेल्या मोफत शाळेत, जाऊन आला. ५ ऑक्टोबरला त्यानं मँचेस्टरच्या अथेनियम संस्थेत शिक्षण आणि अज्ञान या विषयावर भाषण केलं, आणि त्याच सुमारास कथेनं आकार घेतला. सहा आठवड्यांत पुस्तक लिहून हातावेगळं झालं. त्या काळात तो रात्री लंडनच्या गल्ल्यांतून मैलोन्‌मैल चालत असे.

पत्रक काढलं असतं तर ते आज एखाद्या ग्रंथालयाच्या तळघरात पडून असतं.

मुलांच्या मजुरीचं दुःख त्याला अहवालातून कळायची गरज नव्हती. १८२४ मध्ये त्याच्या वडिलांना कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात जावं लागलं, आणि बारा वर्षांचा चार्ल्स आठवड्याला सहा शिलिंगांवर बुटांच्या पॉलिशच्या बाटल्यांना लेबलं चिकटवत होता. त्याआधी हे कुटुंब कॅम्डन टाउनमध्ये राहत असे. स्क्रूजच्या कारकुनाचं, क्रॅचिटचं बिऱ्हाडही त्यानं तिथेच थाटलं आहे.

या पुस्तकाला आजही धार आहे, ती स्क्रूजच्या युक्तिवादांमुळे. स्क्रूज चोर नाही, लबाड नाही. कायद्याचं एकही कलम त्यानं मोडलेलं नाही. गरिबांसाठी वर्गणी मागायला दोन सद्गृहस्थ येतात, तेव्हा तो तुरुंग आणि वर्कहाऊस, म्हणजे निराधारांना राबवून घेणारी आश्रयगृहं, चालू आहेत ना, याची चौकशी करतो. त्या संस्थांचा भार मी उचलतोच आहे, आणखी काय करू? तिथे जाण्यापेक्षा लोक मरण पत्करतात, असं उत्तर मिळाल्यावर तो शांतपणे सांगतो, की मग मरून जादा लोकसंख्या तरी कमी करावी. १८३४ च्या गरिबांच्या कायद्यानं वर्कहाऊस मुद्दामच इतकी कठोर केली होती, की अगदी नाइलाज झाल्याशिवाय कुणी त्यांची पायरी चढू नये. ‘मी कर भरतो, बाकीचं सरकार बघेल’ हे वाक्य आज सोसायटीच्या बैठकीत ऐकू आलं तर कुणी दचकणार नाही. बोलणारा स्वतःला दुष्ट समजत नाही. स्क्रूजही समजत नव्हता.

जादा लोकसंख्येचा मुद्दा थॉमस माल्थसच्या शिकवणीतून आलेला. हा माल्थस १८३४ मध्ये मरेपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होता, आणि त्याचा एक विद्यार्थी, रॉबर्ट कीथ प्रिंगल, मुंबई इलाख्यात अधिकारी म्हणून आला. पुणे जिल्ह्यात प्रिंगलनं पुस्तकी खंड-सिद्धांतावर शेतसारा बसवला. तो इतका जड झाला, की इंदापूरकडच्या जमिनी ओस पडल्या आणि काही वर्षांतच गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांना मोजणी नव्यानं करावी लागली. कोष्टकांत माणूस हरवतो तेव्हा काय होतं, हे इंदापूरच्या कुणब्यांना डिकन्सच्या आधीच कळलं होतं.

डिकन्सनं कोष्टकाला उत्तर दिलं ते एका हंसाच्या जेवणानं. क्रॅचिटच्या घरी भट्टी नाही, तशी ती लंडनच्या बहुतेक गरिबांकडे नसे. सणाचा हंस गल्लीतल्या बेकरीवाल्याकडे न्यायचा, त्याच्या तापलेल्या भट्टीत भाजून आणायचा. पुडिंग कपडे उकळायच्या हंड्यात शिजतं. त्याआधीच्या दशकात सर अँड्र्यू ॲग्न्यू या खासदारानं रविवारी असले सगळे व्यवहार बंद पाडणारी विधेयकं पुन्हापुन्हा आणली होती. श्रीमंतांचे स्वयंपाकी घरातच असल्यानं झळ लागणार होती ती गरिबांच्या आठवड्यातल्या एकमेव गरम जेवणाला. डिकन्सनं तो वादही भुताच्या तोंडून कथेत घुसडला आहे. चर्च, प्रार्थना, बाळ येशू यांना मात्र पुस्तकात फारच थोडी जागा आहे. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही ते परकं वाटत नाही, त्याचं बरंचसं श्रेय याला जातं.

पुस्तकाचा हिशेब मजेशीर आहे. ‘मार्टिन चझलविट’ ही त्याची कादंबरी खपत नव्हती, प्रकाशक चॅपमन अँड हॉल यांच्याशी बिनसलं होतं, म्हणून छपाईचा खर्च डिकन्सनं स्वतः उचलला आणि सोनेरी कडांचा हट्ट धरला. हजार पौंड सुटतील अशी आशा होती. पहिल्या आवृत्तीतून सुटले दोनशे तीस. जानेवारीत एका साप्ताहिकानं गोष्ट चोरून छापली. डिकन्सनं खटला भरला, जिंकला, पण प्रतिवाद्यांनी दिवाळं काढलं आणि खर्चाचे सातशे पौंड त्याच्याच बोकांडी बसले. लोभाविरुद्धच्या कथेनं लेखकाला असं नागवलं. उलट पुस्तक वाचून थॉमस कार्लाइलसारख्या तुसड्या विचारवंताला पाहुणचाराची उबळ आली, असं त्याच्या बायकोनं पत्रात लिहून ठेवलं आहे.

पैसे पुढे मिळाले ते आवाजातून. डिसेंबर १८५३ मध्ये डिकन्सनं बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये या कथेची जाहीर वाचनं केली. त्यांतलं एक वाचन कामगारांसाठी स्वस्त तिकिटात व्हावं, हा त्याचाच आग्रह होता. मार्च १८७० मधल्या निरोपाच्या वाचनातही त्यानं हीच गोष्ट निवडली. रंगभूमीनं तर ती १८४४ च्या फेब्रुवारीतच पळवली होती, आणि १९०१ मध्ये ती मूकपटात आली.

टीकाकारांचा आक्षेप जुना आहे आणि बिनतोडही: एका मालकाचं मन पालटलं, कारकुनाचा पगार वाढला, पण व्यवस्था होती तशीच राहिली. हा दोष आहेच. मात्र डिकन्सला तो दिसत नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. दुसऱ्या भुताच्या झग्याखालून दोन हडकुळी, भेसूर मुलं बाहेर येतात. मुलगा म्हणजे अज्ञान, मुलगी म्हणजे दैन्य, आणि त्यातही मुलापासून जास्त सावध राहा, असं भूत बजावतं. यांना कुठे आसरा नाही का, असं स्क्रूज कळवळून विचारतो, तेव्हा तुरुंग आणि वर्कहाऊसचं त्याचंच दुपारचं उत्तर भूत त्याला ऐकवतं. फील्ड लेनच्या शाळेतून डिकन्स जे घेऊन आला होता, ते हेच. रूपांतरकारांची कात्री नेमकी इथे चालते. १९५१ च्या ॲलेस्टर सिमच्या चित्रपटात ही मुलं आहेत. १९९२ च्या मपेट्स या बाहुल्यांच्या चित्रपटात मायकेल केननं स्क्रूज अगदी मन लावून केला, पण बेडूक, डुक्कर आणि उंदरांच्या त्या गर्दीत या दोघांना जागा मिळाली नाही.