थेंबाचा इतिहास

सुरतेत तापीकाठी बसून नाशिकच्या द्राक्षबागांविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. पण आपल्याकडे काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाई धरण पुरे झाले. कालव्याचे मोकाट पाणी उसाला मिळाले आणि काही शिवारे पाणथळ, खारवटही झाली. मुबलक पाणी मोजावेसे कोणास वाटत नाही. नाशिकच्या बागायतदाराला ते मोजावेच लागले. इस्रायलमध्ये १९६०च्या दशकात आकारास आलेले ठिबक त्याने वेलीच्या मुळाशी आणले. (या नळ्यांचा मोठा कारखाना भवरलाल जैन यांनी तापीच्याच खोऱ्यात, जळगावी उभारला, हे सुरतकरांनी ध्यानात घ्यावे.)

परंतु ठिबकने पाणी कोठे द्यावे एवढेच ठरले. केव्हा द्यावे, हा प्रश्न उरला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीतील डोळ्यांत सूक्ष्म घड घडत असताना पाणी आवरावे लागते, मणी फुगताना वाढवावे लागते. आता मातीत पुरलेला टेन्शिओमीटर ओलाव्याचा ताण सांगतो आणि त्यावरून झडप आपोआप उघडते. यंत्र अचूक खरे. मात्र ते आपल्या जागेपुरतीच ओल जाणते. एकाच बागेत मुरमाड आणि काळी, अशा दोन्ही जमिनी असल्या, तर ते कोठे पुरावे हे अद्याप बागायतदारालाच ठरवावे लागते.