बॉयलर तपासणारं मशीन आणि पोटातलं बाळ

दिवस गेल्याचं नुकतंच कळलंय आणि अचानक अंगावरून रक्त जायला लागलं. अशा वेळी आपल्याकडे पहिला प्रश्न काय येतो? "पपई खाल्लीस का?" नाहीतर "जड काही उचललंस का?" म्हणजे चूक तिचीच!

खरं सांगायचं तर डॉक्टरही बराच काळ अंदाजच करत होते. सल्ला ठरलेला, पडून राहा. आत काय चाललंय ते दिसतच नव्हतं. लॉग न बघता बग शोधायचा, तसं. अमेरिकेत गर्भ टिकावा म्हणून 'डीईएस' नावाचं हार्मोन सर्रास दिलं गेलं. १९५३ मध्ये शिकागोतल्या चाचणीत त्याचा उपयोग नाही हे दिसलं, तरी ते चालूच राहिलं. १९७१ मध्ये कळलं, की ते घेतलेल्या आयांच्या मुलींना योनीचा एक दुर्मीळ कॅन्सर होतोय.

आता ग्लासगोला जाऊ. तिथले स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड महायुद्धात हवाई दलात होते, रडार-सोनारची ओळख तिथलीच. १९५५ मध्ये हा माणूस ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीत घालून चक्क बॉयलरच्या कारखान्यात गेला! धातूतले तडे शोधणारं अल्ट्रासाउंड मशीन या गाठींवर चालतं का, ते बघायला. चाललं. पुढे टॉम ब्राउन नावाच्या विशीतल्या इंजिनियरने स्वतःहून त्यांना फोन केला आणि नवं मशीन घडवलं. (इंजिनियर म्हणून मला हा फोन फार आवडतो.) १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा पेपर आला.

पण अगदी लहान गर्भ ओटीपोटात खोल लपलेला. लघवीची पिशवी भरलेली असली की तो दिसतो, हे १९६३ च्या सुमारास लक्षात आलं. सोनोग्राफीआधी भरपूर पाणी प्यायला लावतात ना, ते यासाठीच.

मग एकाच लक्षणामागची वेगवेगळी कारणं सुटी झाली. कधी ठोके व्यवस्थित असतात आणि रक्त आपोआप थांबतं. कधी वाढच थांबलेली असते. लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत कारण क्रोमोसोममधली गडबड असतं, तिथे पपईचा काय संबंध? कधी द्राक्षगर्भ असतो. आणि कधी गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजलेला असतो. हे सगळ्यात धोक्याचं, कारण नळी फुटली तर आतल्या आत रक्तस्राव होतो. १८८३ मध्ये बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी अशा बाईला ऑपरेशन करून वाचवलं होतं, पण तेव्हा पोट उघडल्याशिवाय खात्री होत नव्हती.

म्हणून, अंगावरून जातंय, पोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, तर पपईची चौकशी नंतर. आधी हॉस्पिटल.